वाघ न दिसलेल्यांचा मेळघाट

मेळघाटातून परत आलं की घरीदारी एकच प्रश्न, "दिसला का?" मी आठ वेळा जाऊन आलो, एकदाही नाही. देशातले पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प १९७३-७४ मध्ये झाले, त्यात मेळघाट होता, त्यामुळे विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. पण वाघ सोडून तिथून काय घेऊन आलात, तेवढंच इथे लिहा. पॉइंटांच्या याद्या नकोत, त्या कुठेही मिळतात.

माझ्यापासून सुरुवात. सेमाडोह, जुलैचा शेवट. दुपारी वरांड्यात बसलो होतो. पाऊस अजून अंगणात नव्हता, पण पलीकडच्या टेकडीवर सागाच्या पानांवर पडायला लागलेला ऐकू येत होता. सुपात ज्वारी पाखडावी तसा तो आवाज खाली उतरत उतरत आला आणि मग आपल्यावर. चौकीदाराने सागाचं एक कोवळं पान तळहातावर चुरगळून दाखवलं, हात लालभडक. माझ्या मुलीने दोन्ही हात रंगवून घेतले. अमरावतीला पोचेपर्यंत तिने ते धुतले नाहीत.

अकोल्याहून

आमचं मेळघाट खिडकीतून. वडील रेल्वेत, आजोळ खंडव्याला, त्यामुळे मीटरगेजच्या अकोला-खंडवा गाडीने दर उन्हाळ्यात जाणं. धूळघाटाजवळ चढ काढायला रुळांनी गोल फेरा घेतला होता. गाडी डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच रुळांच्या वरून जायची. मघाशी गेलो तो रूळ खाली दिसला की आम्ही भावंडं ओरडायचो. गाडी इतकी हळू, की बाबा म्हणायचे, उतरून मुतून ये, पुढच्या डब्यात चढशील. (आईला हे आवडायचं नाही.) पुढे रुंदीकरणासाठी गाडी थांबली. वाघांच्या जंगलातून मोठी लाइन नको, असं म्हणणारे बरोबरच होते. माझंही मत तेच. तरी अकोट ओलांडलं की मान आपोआप उजवीकडे वळते.

पुण्याहून, सासर परतवाडा

चिखलदरा, ऑगस्ट, शनिवार. चूक झाली. साधारण १,१०० मीटर उंचीवर सगळा विदर्भ गाड्या घेऊन उभा होता. गाविलगडावर नवरा मला १८०३ सालची इंग्रजांची स्वारी हातवारे करून सांगत होता आणि दहा पावलांवरची भिंत धुक्यात दिसत नव्हती. येताना मोथ्याला गवळ्यांकडे थांबलो. चुलीवरची कढई, दूध आटवणारी बाई साय काठाला सारत होती, पुन्हा सारत होती, घाई नाहीच. पाऊण तास बसलो. रबडीला धुराचा वास होता. पुढच्या वेळी मंगळवारी जाणार.

धारणी तालुक्यातून, शिक्षिका

बदली झाली तेव्हा रडले होते, हे आधी सांगून टाकते.

कोरकू गाव लांबून ओळखू येतं. घरांच्या दोन सरळ ओळी समोरासमोर, मधे ऐसपैस रस्ता, अंगण सारवलेलं. पहिलीची मुलं माझ्याकडे बघून नुसती हसायची. मी मराठी बोलायचे, त्यांची कोरकू. ती आपल्या मराठी-हिंदीच्या कुळातलीच नाही, संथाळी-मुंडारीची बहीण. 'डा' म्हणजे पाणी, हे मला एका पोरीने रिकामा पेला दाखवून शिकवलं. वाघाला 'कुला', आणि मोठी माणसं म्हणतात 'कुला मामा'. नात्यात घेतलेला.

होळीला मी दरवर्षी यवतमाळला घरी पळायचे. तिसऱ्या वर्षी थांबले. ढोल-बासरीवर बायका कमरेला हात गुंफून नाचतात, दिवसचे दिवस. रस्त्यात आडवं लाकूड टाकून फगवा मागायला माझेच विद्यार्थी उभे. मी वीस रुपये दिले. एकजण गंभीरपणे म्हणाला, "म्याडम, तुमी तर गावच्या, दहाच द्या."

नाशिकहून

रानपिंगळ्यासाठी, म्हणजे एका छोट्या घुबडासाठी गेलो होतो. शंभराहून अधिक वर्षं कुणाला सापडला नव्हता, १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा दिसला, नंतर मेळघाटातही. दिवसाढवळ्या वावरणारा हा पिंगळा मला तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला वठलेल्या फांदीवर दिसला. चार मिनिटं. त्याने शेपटी हलवली, मी श्वास घेतला, तो गेला.

चिखलदरा तालुक्यातून

सगळ्याइचं वाचलं. चांगलं लिवलं बापा. पण तुमची शांतता म्हंजे आमच्यापाशी रेंज नाही, हेही लिवा ना कोणी. आमच्या गावात फोन लावाचा तर टेकडीवरच्या एका दगडावर उभं राहा लागते. माह्या बायकोले रात्री कळा आल्या, मी तिकडं पळालो, गाडी आली ते पहाटे. पोरगं रस्त्यातच झालं. दोघंही बरे हायत. पन तवापासून कोनी "किती शांत हाय इथं" म्हनलं का मले तो दगड आठवते.

तरी या. पावसात तर सगळेच येतात, तुमी मोहाच्या दिवसात या, मार्च-एप्रिलात. उजाडाच्या आधी टोपले घेऊन निंघा लागते, काऊन का मोह पहाटपासून टपकते अन् अस्वलालेही तेवढाच आवडते. म्हून आमी डबा वाजवत जातो. झाडाखाली गेल्यावर मातर डबा बंद. अंधारात वास पहिले येते, मंग टप् टप् आवाज, मंग हाताले लागते, ओलं, जाड, गोड. माही माय सत्तरीची हाय, तिचं टोपलं अजूनही माह्या आधी भरते.