गोल्फमधला लांब पुट: भोकात घालायचा की भोकाजवळ ठेवायचा?

बोगीबुवा:
रविवारी येरवड्याच्या कोर्सवर 40 फुटांवरून बर्डीचा (पारपेक्षा, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा, एक कमी) पुट होता, म्हणजे ग्रीनवरचा, भोकाभोवतीच्या हिरवळीवरचा घरंगळता फटका, तोही उताराचा. अंगात आलं. चेंडू भोकाला चाटून 7 फूट खाली, परतीचा कडेवरून निसटला. तीन पुट. कॅडी (बॅग उचलणारा) काही बोलला नाही, पुढच्या टीकडे, म्हणजे पुढचा होल सुरू होतो तिकडे, चालू लागला. आता ठरवलंय, 30 फुटांपलीकडून भोक विसरायचं. परातीएवढं वर्तुळ धरायचं आणि चेंडू तिथं निजवायचा. गोल्फच्या आकडेवारीचे अभ्यासक मार्क ब्रॉडी यांच्या आकड्यांनुसार पीजीए टूरवरचे (अमेरिकेतले व्यावसायिक) खेळाडूसुद्धा 8 फुटांवरून जेमतेम निम्मे पुट घालतात आणि 33 फुटांवरून सरासरी दोन पुट घेतात. आपण कोण लागून गेलो?

पेठी_पुटर:
असहमत. पोचलाच नाही तो चेंडू पडणार कसा? ‘लॅग’ (भोकाजवळ ठेवायचा पुट) म्हणत लोक 6 फूट आखूड ठेवतात आणि वर स्वतःला शहाणे म्हणवतात. पुटिंगचे प्रशिक्षक डेव्ह पेल्झ भोकापुढे 17 इंच जाईल असा वेग सांगायचे.

बोगीबुवा:
17 इंच म्हणजे दीड फूट! तो माझ्या परातीतच आला की. शिवाय भोक 4.25 इंचांचं. जोरात आलेला चेंडू अगदी मधोमध आला तरच पडतो, दमून आलेला कडेवरूनही आत ओघळतो. म्हणजे हळू मारण्यात पडायची शक्यताही जास्तच.

दोनअप:
तुम्ही दोघंही स्ट्रोक प्लेचंच (एकूण फटके मोजतात त्या खेळाचं) बोलताय. मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकायचा) समोरच्यानं पार करून चेंडू उचललाय आणि मला हाफसाठी (होल बरोबरीत सोडवायला) हा घालायलाच हवा, तर परात काय कामाची? तीन पुट झाले तरी होल एकच जातो. स्टेबलफोर्डमध्येही (दर होलला गुण) कधीकधी हेच गणित.

बोगीबुवा:
हे मान्य. पण आपल्या रविवारच्या कार्डाला ते लागू नाही. आणि खरा घोटाळा वेगाचा. सकाळी सातला ग्रीनवर दव असतं, चेंडू मागे पाण्याची रेघ सोडत रखडतो. नऊला तेच ग्रीन पळतं, हात मात्र सातचाच असतो. मी हल्ली आधी भोकापर्यंत चालत जातो, बाजूनं चढ-उतार बघतो. मागचे लोक वैतागतात, वैतागू देत.

पेठी_पुटर:
चढावर तरी धीट व्हा राव! शनिवारी प्रॅक्टिस ग्रीनवर या. 40 फूट, 10 चेंडू. तुम्ही ठेवा, मी घालतो. चहा हरणाऱ्याकडे.

बोगीबुवा:
येतो. पण दव वाळल्यावर, नंतर सबब नको.