पाळी चुकली, पण टेस्ट निगेटिव्ह. नक्की काय समजायचं?

नमस्कार मैत्रिणींनो,

वय ३१, लग्नाला तीन वर्षं झाली, आता बाळ हवंय. पाळी एरवी २८-३० दिवसांनी येते. या वेळी तारीख उलटून दोन आठवडे होत आले. घरी टेस्ट केली, निगेटिव्ह. मग मुद्दाम सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा केली. सी समोर गुलाबी रेघ, टी समोर पुसटसंही काही नाही. कंबर दुखते, छाती जड वाटते, आज येईल उद्या येईल करत दिवस जातायत.

मागच्या महिन्यात बाबांची बायपास झाली. रात्री हॉस्पिटलच्या बाकड्यावर, दिवसभर चहावर. ॲसिडिटीने हैराण झाले, वजनही उतरलं. तेवढ्याने पाळी इतकी लांबते का? सासूबाई मायेने पपई खा म्हणतात. जाऊबाई म्हणतात, मेडिकलमधून पाळी यायची गोळी आण, मोकळी हो. पण आत काय चाललंय हे कळल्याशिवाय गोळी घ्यायला मन धजत नाही. "टेन्शन घेऊ नकोस" सोडून काही सांगा, प्लीज.

प्रतिसाद १

गोळी घेतली नाहीस ते फार बरं केलंस. गर्भ नाही याची खात्री होण्याआधी मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून असलं काहीही घेऊ नये. कधी कधी त्या नावाखाली चक्क गर्भपाताच्या गोळ्या हातात पडतात.

आता लांबण्याचं. स्त्रीबीज बाहेर पडलं की साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते आणि हा टप्पा फारसा हलत नाही. हलतो तो त्याआधीचा. जागरणं, उपासमार, वजन घटणं यामुळे मेंदूकडून अंडाशयाला मिळणारे संदेश मंदावतात, बीज उशिरा बाहेर पडतं, किंवा त्या महिन्यात पडतच नाही. म्हणजे आपण कॅलेंडर बघून "चुकली" म्हणतो, पण शरीराच्या हिशोबाने तिची वेळच झालेली नसते.

टेस्टही याच हिशोबावर चालते. ती ज्या एचसीजी नावाच्या हार्मोनवर पॉझिटिव्ह येते ते गर्भ रुजल्यावरच तयार होतं आणि रुजायला बीज सुटल्यापासून ६ ते १२ दिवस लागतात. बीज उशिरा सुटलं असेल तर आजची निगेटिव्ह पुढच्या आठवड्यात पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून पाळीची तारीख सोड, शेवटच्या संबंधांपासून मोज. २१ दिवस उलटल्यावर केलेली टेस्ट भरवशाची. तेव्हाही निगेटिव्ह आली तर गर्भाचा विषय बहुतेक संपला आणि कारण दुसरीकडे शोधायचं: थायरॉईड, प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) वाढणं, पीसीओएस (हार्मोन बिघडून बीज नियमित न सुटणं). स्त्रीरोगतज्ज्ञ रक्तातलं बीटा एचसीजी, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), प्रोलॅक्टिन आणि सोनोग्राफी सांगतील.

एक विचारते, ॲसिडिटीवर काय घेतेस? डोमपेरिडोन असलेल्या कॅप्सूलने प्रोलॅक्टिन वाढतं आणि त्यानेही पाळी अडते. पाकिटामागे बघ.

प्रतिसाद २

वरचं सगळं पटलं. फक्त ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर, खांद्यात दुखणं किंवा मध्येच रक्ताचे डाग, यातलं काही झालं तर टेस्ट निगेटिव्ह आहे म्हणून घरी थांबू नकोस. गर्भ नळीत असू शकतो. रात्र असली तरी लगेच हॉस्पिटल गाठ, अहोंना आत्ताच सांगून ठेव.

धागाकर्ती

मनापासून आभार दोघींचे. पाकीट बघितलं, डोमपेरिडोन ३० मिलिग्रॅम लिहिलंय आणि मी रोज घेतेय! सोमवारची अपॉइंटमेंट घेतली आहे. प्रोलॅक्टिनसाठी रक्त द्यायच्या आधी ही कॅप्सूल काही दिवस बंद करायला सांगतात का? कुणाला अनुभव आहे?