माफ करायचं म्हणजे गप्प बसायचं का?

वर एका ताईंनी लिहिलंय की रिडेव्हलपमेंटमध्ये वडिलांच्या खोलीवरून सख्ख्या भावाशी वाजलंय आणि चर्चमधले सगळे फक्त "सोडून दे, माफ कर" म्हणतायत. मला तो सल्ला अर्धवट वाटतो. बायबलमधल्या मत्तयच्या १८व्या अध्यायात येशू गप्प बसायला सांगतच नाही, उलट आधी एकट्याने जाऊन भावाची चूक त्याला सांग म्हणतो, नाही ऐकलं तर एक-दोघांना सोबत घे, तरी नाही तर मग मंडळीपुढे, म्हणजे चर्चपुढे. आपण काय करतो, डायरेक्ट फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकतो, मावशी-आत्या सगळ्यांच्या ब्लू टिक आल्या की भाऊ माघार कसली घेतोय, त्याची पण इज्जत आहे ना. सत्तर गुणिले सात वेळा क्षमा, तेही त्याच अध्यायात आहे पण ते या बोलण्याच्या नंतर येतं. आणि हो, फादरना वाटणीच्या हिशोबात ओढू नका, लूक १२ मध्ये एकाने भावाला वाटणी द्यायला सांगा म्हटलं तर खुद्द येशूने नकार दिला, मला तुमचा वाटणी करणारा कोणी केलं म्हणून! कागदपत्रं वकिलाला दाखवा, त्यात पाप काही नाही. पण त्याआधी भावाला एकट्याला भेटा, दादरला कुठेतरी चहावर का होईना, आणि वहिनींचा विषय काढू नका प्लीज.