मदत हवी आहे: व्हर्च्युअलबॉक्समध्ये हायकू सुरूच होत नाही, 'शेल'वर अडकतंय

कोरांटी
मंडळी, जरा घाईचं काम आहे. तीन दिवस व्हर्च्युअलबॉक्सवर (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्रॅम) हायकू ही ऑपरेटिंग सिस्टीम चालवायचा प्रयत्न करतेय. नवीन मशीन बनवलं, २ जीबी रॅम दिली, आयएसओ (हायकूच्या सीडीची फाइल) जोडली, स्टार्ट केलं. काळ्या पडद्यावर बरंच काही येतं, पाच सेकंदांची उलटी मोजणी होते आणि मग पिवळ्या अक्षरांत 'शेल' असं येऊन कर्सर नुसता लुकलुकत बसतो. पुढे काहीच नाही. आयएसओ दोनदा उतरवून घेतली. शनिवारच्या आत चालू व्हायलाच हवं. "आधी शोधून बघा" म्हणू नका, शोधून थकले.

खटपट_मास्टर
बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन बंद आहे. लॅपटॉप सुरू होताना एफ२ दाबत राहा, प्रोसेसरच्या पानावर जाऊन ते एनेबल करा. माझ्याकडे अगदी हेच झालं होतं.

पिंपळपान
मास्टर, ते बंद असतं तर मशीन उघडतानाच एरर आली असती. शेल दिसतंय म्हणजे मशीन चालू झालंय, पण ईएफआयला (मशीन सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमला) बूट करण्याजोगं काही सापडत नाहीये. ताई, सिस्टीमच्या सेटिंगमध्ये ईएफआयची टिक काढून बघा. आणि होस्ट (म्हणजे तुमचा लॅपटॉप) कोणता, व्हर्च्युअलबॉक्स कितवी, हायकू कोणतं, हे लिहा. त्याशिवाय सगळे अंधारात दगड मारणार.

कोरांटी
हायकू बीटा ५, ६४ बिट. व्हर्च्युअलबॉक्स ७.१. लॅपटॉप चांगला आहे, १६ जीबी रॅम, रॅमचा प्रश्न नाही. ईएफआयची टिक काढता येत नाही.

सांजवात
पण हायकूच का? शिकायचं असेल तर लिनक्स मिंट टाका. सगळं मिळतं, मराठी नीट दिसतं. हायकू अजून बीटाच आहे. २००१ पासून काम चाललंय, पहिला बीटा आला २०१८ मध्ये.

जुनाट_डिस्क
त्यांनी हायकू विचारलंय, मिंट नाही. दरवेळी कुणी काही वेगळं वापरायला घेतलं की मिंट पुढे करायचं हे बंद करा. आणि बीटा असला तरी माझ्या २ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर हायकू रोज चालतं. त्यामागची कथा तरी माहीत आहे का? १९९६ मध्ये ॲपल 'बी' ही कंपनी विकत घेणार अशी बोलणी चालली होती. शेवटी त्यांनी नेक्स्ट घेतली, आणि आजचं मॅकओएस त्यातून आलं. बी कंपनीचा माल २००१ मध्ये पाम या कंपनीने १ कोटी १० लाख डॉलरला उचलला. तेव्हा चाहत्यांनी बीची ऑपरेटिंग सिस्टीम बीओएस पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतली, तीच ही हायकू.

खटपट_मास्टर
इतिहास नंतर. ताई, एफ२ दाबून पाहिलंत का?

कोरांटी
एफ२ दाबलं की स्क्रीनचा उजेड वाढतो. मॅकबुक एअर आहे, त्यात बायोस कुठे असतं?

पिंपळपान
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. एम१, एम२ वगैरे लिहिलंय का? वरच्या सफरचंदावर क्लिक करून 'अबाउट धिस मॅक' बघा.

कोरांटी
एम२. मॅक म्हणजे मॅक, त्याने फरक पडेल असं वाटलं नाही. सॉरी.

पिंपळपान
फरक तिथेच आहे. ॲपलच्या २०२० पासूनच्या या चिप एआरएम जातीच्या आहेत आणि तुमची आयएसओ इंटेल-एएमडीच्या, म्हणजे एक्स८६ जातीच्या प्रोसेसरसाठी आहे. व्हर्च्युअलबॉक्स ७.१ अशा मॅकवर चालतं, पण आतही एआरएमचीच सिस्टीम चालवतं. म्हणून त्याला तुमच्या आयएसओत बूट करण्यासारखं काही दिसतच नाही आणि ते शेलवर थांबतं. आयएसओ शंभरदा उतरवलीत तरी तेच होणार.

यूटीएम घ्या, व्हर्च्युअलबॉक्ससारखाच प्रोग्रॅम आहे. त्यांच्या साइटवर फुकट मिळतं, आत क्यूईएमयू (दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम) आहे. नवीन मशीन बनवताना तो 'व्हर्च्युअलाइझ' की 'एम्युलेट' विचारतो. तिथे एम्युलेट, मग आर्किटेक्चर एक्स८६_६४, रॅम २ जीबी. प्रत्येक सूचनेचं भाषांतर करत चालवावं लागत असल्याने मंद चालेल. विंडोज असं चालवायला गेलात तर जीव मेटाकुटीला येतो, पण हायकू हलकं आहे, निभावतं.

सांजवात
इंटेलची ॲप चालवणारं रोझेटा आहे ना मॅकमध्ये? मग एम्युलेशन कशाला?

पिंपळपान
रोझेटा एकेका ॲपचं भाषांतर करतं. अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम त्यावर बूट होत नाही.

जुनाट_डिस्क
कोरांटी, नक्की काय करायचंय? जुने बीओएसचे प्रोग्रॅम चालवायचे असतील तर ६४ बिट नको, ३२ बिटची आयएसओ घ्या. जुने प्रोग्रॅम फक्त तिच्यावर चालतात.

कोरांटी
प्रोग्रॅम नकोत. बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कची कॉपी आहे. त्यात विंडोजच्या फायलींमध्ये बीओएस नावाचं फोल्डर आणि त्यात 'इमेज डॉट बीई' ही ५१२ एमबीची एकच फाइल आहे. बाबा २०००-०१ मध्ये ईमेल त्यातच वाचायचे. काका मस्कतला होते, त्यांची सगळी पत्रं त्यात आहेत. शनिवारी काकांचं वर्षश्राद्ध आहे. बाबांनी ती पत्रं मागितली आहेत, मी हो म्हणून बसलेय.

जुनाट_डिस्क
अहो, हे आधी सांगायचं! ती बीओएस ५ पर्सनल एडिशन आहे. २००० मध्ये फुकट वाटली होती, विंडोजमध्येच एका ५१२ एमबीच्या फाइलीत अख्खी सिस्टीम राहायची. ती फाइल म्हणजे पूर्ण डिस्क आहे, बीएफएस फाइल सिस्टीमची (डिस्कवर फायली मांडायची पद्धत), आणि हायकू तीच फाइल सिस्टीम वापरतं. आधी तिची कॉपी करा, मूळ फाइलीला हात लावू नका. मग यूटीएममध्ये आयएसओ सीडी म्हणून आणि ही कॉपी दुसरी ड्राइव्ह म्हणून जोडा. नाव बदलून शेवटी 'डॉट आयएमजी' करा, इंटरफेस आयडीई. हायकू इन्स्टॉल करायची गरजच नाही. सुरुवातीला 'ट्राय हायकू' बटण येतं, तेच दाबा. डेस्कटॉपवर राइट क्लिक, माउंट, तिथे ती डिस्क दिसेल. मग होम, त्यात मेल, त्यात इन.

खटपट_मास्टर
इतकं कशाला? तेव्हा मराठी रोमन अक्षरांतच लिहीत असणार, मेल म्हणजे साधा मजकूर. मॅकच्या टर्मिनलमध्ये त्या फाइलीवर 'स्ट्रिंग्ज' (फाइलीतला वाचता येणारा मजकूर काढणारी) कमांड चालवा आणि काकांचं नाव शोधा. पाच मिनिटांचं काम.

जुनाट_डिस्क
मजकूर मिळेल, पण पुसलेल्या फायलींचे तुकडे, प्रोग्रॅममधली वाक्यं, सगळं एकात एक. कुठलं पत्र कुठे संपलं ते कळणार नाही. बीओएसमध्ये प्रत्येक मेल ही स्वतंत्र फाइल असते, आणि कुणाकडून, कधी, विषय काय हे त्या फाइलीलाच चिकटवलेलं असतं. हे बसवणाऱ्यांपैकी डॉमिनिक जाम्पाओलो पुढे ॲपलमध्ये स्पॉटलाइटवर (मॅकमधली शोधायची सोय) होते.

खटपट_मास्टर
शनिवारपर्यंत मजकूर हातात हवाय की स्पॉटलाइटचा इतिहास?

सांजवात
दोघांनाही सांगते, लिनक्समध्ये बीएफएस वाचायचा ड्रायव्हर आहे, फक्त वाचता येतं. मिंटचा एवढा राग करू नका.

उंबरठा
हायकूमध्ये देवनागरी टाइप करताना माझी जोडाक्षरं तुटतात. उपाय आहे का?

पिंपळपान
उंबरठा, वेगळा धागा काढा, इथे हरवेल. ताई, कुठपर्यंत आलं?

कोरांटी
झालं! यूटीएममध्ये पहिल्याच खेपेला चालू झालं. चित्रं एकेक करत उजळत गेली, शेवटचं रॉकेट, मग डेस्कटॉप. दोन मिनिटं लागली. माउंटमध्ये दुसरी डिस्क दिसली, जुनाट_डिस्क म्हणाले तशीच मेलच्या आत इन. १४३ फायली. नाव, विषय, तारीख असे रकाने आहेत, नावाच्या रकान्यावर क्लिक केलं तर काकांची सगळी एकाखाली एक आली. "वहिनीला सांग, लोणच्याची बरणी फुटली नाही, नीट पोचली" असं रोमनमध्ये लिहिलंय, मार्च २००१.

एका पत्रापुढे स्थितीच्या रकान्यात अजून 'न्यू' आहे. म्हणजे बाबांनी ते उघडलंच नव्हतं का?

जुनाट_डिस्क
हो, न उघडलेल्या मेलला तसंच लिहिलेलं असतं. तुम्ही उघडलंत तर ते 'रीड' होईल. सगळ्या फायली आधी मॅकवर आणा. मॅकच्या शेअरिंगमध्ये रिमोट लॉगिन सुरू करा आणि हायकूच्या टर्मिनलमधून एससीपी (फायली पाठवायची कमांड) वापरा. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये वाचता येतील, वरची तारीख-नाव मजकुरातही असतं.

कोरांटी
ते पत्र मी उघडत नाही, बाबाच उघडतील. एससीपीला 'परमिशन डिनाइड' येतंय, युजरनेम मॅकचं द्यायचं की हायकूचं?

पिंपळपान
मॅकचं. आणि पासवर्डही मॅकचाच.