मदत हवी आहे: अमेरिकेहून आल्यावर ताप, गोचीड चावल्याचा संशय

नमस्कार मंडळी, आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. धाकटे दीर नुकतेच कोलोरॅडोच्या डोंगरात ट्रेक करून आले. तिथे गुडघ्यामागे तिळाएवढी गोचीड चिकटलेली सापडली होती, चिमट्याने ओढून काढली म्हणे. इथे आल्यावर थंडी वाजून ताप, डोकं आणि डोळ्यांमागे ठणका, अंग नुसतं मोडून आलेलं. मग ताप उतरला, भाऊजींनी मिसळही चापली, आणि पुन्हा चढला!

डेंग्यू, मलेरिया निगेटिव्ह. पांढऱ्या पेशी कमी. फॅमिली डॉक्टर 'व्हायरल' म्हणून मोकळे झाले. मी वाचलं की तिकडे 'कोलोरॅडो टिक फीव्हर' नावाचा विषाणूचा ताप असतो, गोचीड चावल्यापासून 1 ते 14 दिवसांत येतो आणि बऱ्याच जणांना असाच दोनदा चढतो. त्यावर खास औषध नाही. आराम, पाणी, पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन टाळायची, रक्तदान 6 महिने नाही. तेवढं असेल तर आम्ही निभावून नेऊ.

खरी धास्ती वेगळीच. त्याच गोचिडीमुळे 'रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर'ही होतो. तो जिवाणूचा, जिवावर बेतणारा, आणि त्यात डॉक्सीसायक्लिन (अँटिबायोटिक) लवकर सुरू करावी लागते, रिपोर्टची वाट बघत बसायचं नसतं. अंगावर पुरळ अजून नाही, पण सुरुवातीला ते नसूही शकतं.

ठाणे, ऐरोली, वाशी भागात संसर्गजन्य रोगांचे तज्ज्ञ माहीत आहेत का? आज-उद्याच दाखवायचंय. आणि तिकडच्या विषाणूची तपासणी इथून करता येते का? सासूबाईंनी दृष्ट काढून झाली आहे, तो उपाय सुचवू नका.