‘द फॅक्ट दॅट’, ‘द कन्टेन्शन दॅट’: नामानंतर येणारे दॅट-उपवाक्य कसे हाताळावे?

दसरा चौक:

मी कोल्हापुरात वकिलांसाठी मराठी कागदपत्रांचे इंग्रजी भाषांतर करते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच येथे सुरू झाल्यापासून हे काम पुष्कळ वाढले आहे, कारण राज्यघटनेच्या ३४८व्या अनुच्छेदानुसार उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते आणि सातबारा, फेरफार, पंचनामे, ग्रामपंचायतीचे ठराव हे सारे मात्र मराठीत असतात. शब्दांसाठी फारसे अडत नाही. अडते ते नामानंतर येणाऱ्या दॅट-उपवाक्यापाशी. निकालपत्रांत ‘द कन्टेन्शन दॅट’, ‘द फाइंडिंग दॅट’, ‘ऑन द ग्राउंड दॅट’ अशा रचना पानोपानी दिसतात, पण ‘द पर्मिशन दॅट’ कोठे आढळत नाही. मग कोणत्या नामांना हे उपवाक्य चालते आणि कोणत्यांना नाही, हे कशावरून ठरवावे? दुसरे असे की, ज्यांचे काम मी करते त्यांपैकी एक ज्येष्ठ वकील अशा ठिकाणी सर्रास ‘विच’ घालतात, दुसरे ते खोडून पुन्हा ‘दॅट’ करतात, आणि दोघेही आपलेच शुद्ध असल्याचे सांगतात. शिवाय ‘ही सेड’नंतर जसे ‘दॅट’ गाळता येते तसे येथे गाळावे काय, हेही जाणकारांनी सांगावे.

रंकाळ्याचा काठ:

ताई, आधी ‘विच’चा वाद मिटवू, म्हणजे पुढचे सोपे होईल. इंग्रजीत नामानंतर येणारी दॅट-उपवाक्ये दोन वेगळ्या जातींची असतात आणि दिसायला ती सारखीच असल्यामुळे हा घोळ होतो. ‘द न्यूज दॅट द तलाठी ब्रॉट’ आणि ‘द न्यूज दॅट द पंचगंगा हॅड क्रॉस्ड द डेंजर लेव्हल’ ही दोन उदाहरणे घ्या. पहिल्यात ‘ब्रॉट’ या क्रियापदाचे कर्म उपवाक्यात नाही, ते कर्म म्हणजे बाहेरची ‘न्यूज’च आहे. हे संबंधी उपवाक्य झाले आणि तेथे ‘विच’ खुशाल चालते. दुसऱ्या उदाहरणातील उपवाक्य मात्र स्वतःच पुरे आहे: पंचगंगा हा कर्ता आहे, क्रियापद आहे, धोका पातळी हे कर्म आहे (ती आपल्याकडे राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट धरतात). त्यात कोणतीही जागा रिकामी नाही. ते बातमीचे वर्णन करत नाही, बातमी काय आहे ते सांगते, आणि म्हणून तेथे ‘विच’ चुकीचेच ठरते. आपल्या कन्टेन्शन, फाइंडिंग, ग्राउंड यांच्या ज्या रचना आहेत त्या या दुसऱ्या जातीच्या असल्यामुळे ‘विच’ खोडणाऱ्या वकिलांची बाजू बरोबर आहे.

मराठी माणसाला हा भेद ओळखण्याची एक सोय आहे, ती इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकांत सापडणार नाही. उपवाक्य मराठीत मनाशी म्हणून पाहावे. ते ‘जी बातमी तलाठ्याने आणली ती’ किंवा ‘तलाठ्याने आणलेली’ असे वळत असेल तर ते संबंधी उपवाक्य होय. ‘पंचगंगेने पातळी ओलांडल्याची बातमी’, ‘ओलांडली ही बातमी’ किंवा ‘ओलांडली अशी बातमी’ असे वळत असेल तर ते आशय सांगणारे उपवाक्य होय. ‘द फॅक्ट दॅट ही फरगॉट वॉज इम्पॉर्टंट’ या वाक्याचे दोन्ही अर्थ संभवतात, इंग्रजीतून ते नुसते वाचून कळतही नाहीत, पण मराठी लगेच फोड करते: ‘तो विसरला ही गोष्ट महत्त्वाची होती’ आणि ‘तो जी गोष्ट विसरला ती महत्त्वाची होती’. शालेय व्याकरणात या दुसऱ्या जातीला नामाच्या समानाधिकरणातील नामवाक्य म्हणत. नवे व्याकरणकार कोणी अपोझिटिव्ह, कोणी कंटेंट, कोणी कॉम्प्लिमेंट क्लॉज म्हणतात. नावांत अडकून पडू नये.

आता नामांविषयी. बरीचशी नामे क्रियापदांपासून किंवा विशेषणांपासून आलेली असतात आणि मूळ शब्दाला जे चालते ते नामाला बहुधा चालते. ‘अलेज दॅट’ म्हणून ‘अलेगेशन दॅट’. तीच गोष्ट ‘कन्टेंड’ आणि ‘कन्टेन्शन’, ‘अझ्यूम’ आणि ‘अझम्प्शन’, ‘पॉसिबल’ आणि ‘पॉसिबिलिटी’ या जोड्यांची. ‘पर्मिट’ या क्रियापदानंतर मात्र ‘टू’ येते, त्यामुळे ‘पर्मिशन टू एंटर’ होते, ‘पर्मिशन दॅट’ होत नाही. ‘रिफ्यूजल’, ‘अबिलिटी’, ‘फेल्युअर’ याच घरातील. ‘डिस्कस’ला दॅट-उपवाक्य नको असते, म्हणून ‘डिस्कशन दॅट’ही नाही. हा नियम सर्वत्र पाळला जातो असे समजू नये: ‘हिअर’नंतर ‘दॅट’ चालते, पण ‘द हिअरिंग दॅट’ असे कोणी लिहीत नाही, आणि न्यायालयात तर हिअरिंग म्हणजे सुनावणी. ‘फॅक्ट’सारख्या नामांच्या मागे क्रियापदच नाही; ती लक्षात ठेवावी लागतात. आणखी एक गट आहे, ‘प्रॉब्लेम’, ‘डिफिकल्टी’, ‘ट्रबल’ यांचा. यांच्यानंतर लगेच ‘दॅट’ आले की वाचणारा संबंधी उपवाक्याची अपेक्षा धरतो, म्हणून तेथे मध्ये ‘इज’ घालून ‘द डिफिकल्टी इज दॅट’ असे लिहिणे बरे.

कसबा बावडा:

वरील विवेचन व्याकरणाच्या अंगाने पूर्ण आहे. वकिलीच्या अंगाने एक धोका सांगणे मला आवश्यक वाटते, कारण तो भाषांतरकाराच्या हातून नकळत घडतो. मराठी कागदांत ‘ही बाब’, ‘ही गोष्ट’ असे शब्द सढळ हाताने वापरलेले असतात आणि भाषांतर करताना त्यांच्या जागी आपोआप ‘द फॅक्ट दॅट’ येते. परंतु ‘फॅक्ट’ हे नाम उपवाक्यातील विधान खरे मानूनच पुढे जाते. ‘प्रतिवादीने अतिक्रमण केले ही बाब वादीने मांडली आहे’ हे वाक्य प्रतिवादीच्या लेखी म्हणण्यातले असेल आणि आपण त्याचे ‘द फॅक्ट दॅट द डिफेंडंट एन्क्रोच्ड’ असे केले, तर प्रतिवादीच्याच कागदात अतिक्रमण मान्य केल्यासारखे वाचले जाईल. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ८, नियम ५ असे सांगतो की, वादपत्रातील वस्तुस्थितीविषयक आरोप स्पष्टपणे किंवा अपरिहार्य अर्थाने नाकारला नाही तर तो मान्य केला असे समजले जाते. जेथे मौनसुद्धा मान्यता ठरू शकते, तेथे ‘फॅक्ट’ शब्द हाताने लिहून देणे किती महागात पडू शकेल, याचा विचार करावा. अशा ठिकाणी ‘द अलेगेशन दॅट’ लिहावे. नाम कोणाच्या तोंडचे आहे हे पाहूनच ते निवडावे: पक्षकाराचे असेल तर कन्टेन्शन किंवा अलेगेशन, न्यायालयाचे असेल तर फाइंडिंग, आणि दोन्ही पक्षांना जे मान्य आहे तेवढ्यापुरतेच फॅक्ट.

मागणी, विनंती, शिफारस यांच्या नामांनंतर क्रियापद मूळ रूपात येते, हेही टिपून ठेवावे. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या वकिलांची जुनी मागणी इंग्रजीत ‘द डिमांड दॅट अ बेंच बी एस्टॅब्लिश्ड अ‍ॅट कोल्हापूर’ अशी लिहिली जाते. तेथे ‘इज’ किंवा ‘वॉज’ नव्हे. ‘शुड बी’ चालते, ब्रिटिश वळणात ते अधिक आढळते. याचिकेच्या शेवटच्या ‘प्रेअर’मध्येही ‘द प्रेअर दॅट द ऑर्डर बी सेट असाइड’ असेच येते.

राहता राहिले ‘डिस्पाइट द फॅक्ट दॅट’ आणि ‘ड्यू टू द फॅक्ट दॅट’. शब्दयोगी अव्ययानंतर इंग्रजीला सहसा थेट दॅट-उपवाक्य चालत नाही, म्हणून मध्ये ‘फॅक्ट’चा टेकू द्यावा लागतो. त्यापेक्षा ‘ऑल्दो’ आणि ‘बिकॉज’ लिहिले की तीन-चार शब्द वाचतात; मात्र तीही पुढचे विधान खरे मानूनच चालतात, म्हणून वर सांगितलेला धोका तेथेही ध्यानात ठेवावा.

गुळाची ढेप:

‘दॅट’ गाळण्याविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून थोडक्यात. ‘ही सेड’नंतर ते गाळतात, नामानंतर मात्र लेखी इंग्रजीत ते ठेवावे, बोलण्यात क्वचित गाळलेले ऐकू येते, पण न्यायालयीन कागदात ते शोभत नाही. उपवाक्य नामाला चिकटूनच आले पाहिजे असेही नाही. ‘अ रूमर स्प्रेड दॅट द राधानगरी गेट्स हॅड ओपन्ड’ या वाक्यात ‘रूमर’ आणि त्याचा आशय यांच्यामध्ये क्रियापद आले आहे, आणि हीच रचना कानाला बरी लागते, कारण लांब उपवाक्य शेवटी जाते.

दसरा चौक:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘विच’चा निकाल संबंधितांना दाखवला आहे, पाहू काय म्हणतात. एक शंका उरली. ‘अलेगेशन्स दॅट’ असे अनेकवचन नेहमी दिसते, पण ‘फॅक्ट्स दॅट’ दिसत नाही, ते का? आणि उपवाक्यात अनेकवचनी नाम असेल तर मुख्य क्रियापद कोणाच्या मागे जावे?

रंकाळ्याचा काठ:

आरोप, बातम्या, अफवा, भीती या गोष्टी अनेक तोंडांनी, अनेक वेळा होतात. आशय एकच असला तरी तो मांडण्याचे प्रसंग अनेक असतात. म्हणून अलेगेशन्स, रिपोर्ट्स, रूमर्स, फिअर्स ही अनेकवचने सहज चालतात. वस्तुस्थितीचे तसे नाही. एका उपवाक्यात सांगितलेली वस्तुस्थिती एकच असते, कितीही जणांनी सांगितली तरी. दोन स्वतंत्र उपवाक्ये जोडायची असतील तर ‘द फॅक्ट्स दॅट’ व्याकरणात बसते, पण वाचायला जड होते. तेथे ‘द फॅक्ट दॅट’ दोनदा लिहावे किंवा वाक्य तोडावे. ‘एव्हिडन्स’ हे नाम तर अनेकवचनी होतच नाही आणि त्याला ‘अ‍ॅन’ही लागत नाही: ‘देअर इज नो एव्हिडन्स दॅट’.

मुख्य क्रियापद नेहमी बाहेरच्या नामामागे जाते. ‘द फाइंडिंग दॅट द नोटिसेस वेअर नेव्हर सर्व्ह्ड इज बेस्ड ऑन द पंचनामा’ या वाक्यात नोटिसा अनेक असल्या तरी क्रियापद ‘इज’च, कारण कर्ता फाइंडिंग आहे. उपवाक्य लांबले की डोळा जवळच्या अनेकवचनावर जातो आणि ‘आर’ लिहिले जाते. अशा वेळी ‘दॅट’पासून ‘सर्व्ह्ड’पर्यंतचा मजकूर बोटाने झाकून उरलेले वाक्य वाचावे.