जुना डायब्लो आणि तुमच्या घरचे बंडोपंत : अनुभव सांगा

सदाशिवकन्या
काल माहेरी माळा आवरताना दुधाच्या हिशोबाची वही सापडली. पुढून "१ लि., १ लि., खाडा, दीड", आणि वही उलटी केली की मागून बाबांच्या अक्षरात :

"३ अंगठ्या = १ ताईत. ३ ताईत = १ अंगठी. म्हणजे ९ ची १! घट फार."

तिथेच जळमटांत बसून हसत सुटले. डायब्लो २! त्यातल्या क्यूबमध्ये, म्हणजे जादूच्या पेटीत, अशा तीन वस्तू घातल्या की बदल्यात एक मिळायची. गेम आला २००० साली, आमच्या घरी पोचला २००२ मध्ये, तापकीर गल्लीतून सुटे भाग आणून जोडलेल्या कॉम्प्युटरवर. कॉम्प्युटर दादाच्या अभ्यासासाठी होता हे सांगायला नकोच. दादाने बाबांना शिकवलं, मग दादा बंगळूरला गेला आणि गेम बाबांकडे राहिला.

बाबांच्या बार्बेरियनचं, म्हणजे रानटी योद्ध्याचं, नाव बंडोपंत. लेव्हल वाढली की पाच गुण मिळायचे, ते ताकद, चपळाई, जीव नाहीतर एनर्जी (जादूची शक्ती) यांत वाटायचे. बाबांनी सगळेच्या सगळे एनर्जीत घातले. दादा कपाळ बडवायचा, "अहो बाबा, त्याला धड कुऱ्हाड उचलता येत नाहीये!" बाबा म्हणायचे, "हाणामारी काय कोणीही करेल. माणसाला डोकं पाहिजे."

त्यामुळे पंत दुसऱ्या अंकात अडकले ते अडकलेच. सात थडग्यांतलं खरं थडगं शोधायचं, आत शिरायचं, की तो गारठवणारा जाडा किडा ड्यूरिअल दोन टोल्यांत आडवं करणार. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "आज पंत किती वेळा गेले?" गेम बंद करून परत लावला की मारलेले सगळे राक्षस पुन्हा जागेवर हजर असायचे. त्याची बाबांना कधी चीड आली नाही. ऑफिसातल्या फायलींची सवय होती म्हणायचे.

तुमच्याकडे कोण कुठे अडकलं होतं ते लिहा. मी पोळ्या करून येते.

टेकडीवरचा
नऊ अंगठ्यांची एक!! लक्ष्मी रोडचा सराफसुद्धा इतकी घट धरत नाही 😂

अर्धाकप
एनर्जीवाला बार्बेरियन. काका थोर आहेत.

जुना_कोथरूडकर
२००३, कर्वे रोडच्या आतल्या गल्लीतलं सायबर कॅफे, तासाला वीस रुपये. चार जण लॅनवर. जितके खेळाडू जास्त तितके राक्षस चिवट होतात, हे आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही आपले एकमेकांना शिव्या घालत होतो की तुझ्यामुळे मरत नाहीये. आणि पडलेला माल ज्याच्या हाताला आधी लागेल त्याचा! आमच्यातला एक लढायचाच नाही, मागे उभा राहून फक्त उचलायचा. सोनेरी अक्षरांत नाव दिसलं की खटॅक. विचारलं तर म्हणे, "मी काय घेतलं? काहीच नाही." पुढे तो रिअल इस्टेटमध्ये गेला. बाणेरला दोन फ्लॅट आहेत.

कॅफेवाला दर दहा मिनिटांनी ओरडायचा, "माऊस हळू दाबा, तुमच्या तीर्थरूपांचा नाहीये." डावं बटण बसलं की त्या टेबलवर बसलेल्या पोराकडून पैसे घ्यायचा. मी दोनदा भरलेत. दोन्ही वेळा बटण आधीच बसलेलं होतं, हे आज जाहीर करतो.

गुरुवारगुल
आमच्याकडे खरा राक्षस गुरुवार. दर गुरुवारी लाइट जायची आणि मी ते दर गुरुवारी विसरायचो. अर्धा तास घासून ड्यूरिअल मारला, खाली पिवळ्या अक्षरांत टोप पडलाय, मी उचलायला जातोय आणि गुल. यूपीएस होता, पण त्यावर आजीने मिक्सर लावलेला.

झारा
@गुरुवारगुल आजीने यूपीएसवर मिक्सर??

गुरुवारगुल
@झारा चटणी अर्धी झाली होती. तिचंही बरोबरच होतं.

मुक्काम_पोस्ट_सातारा
मी शिकायला पुण्यात होतो, नवी पेठेत खोली. चार जण, एक कॉम्प्युटर, तोही एकट्याचा. नियम असा की दोनदा मेलं की उठायचं. त्यामुळे सगळे नेक्रोमॅन्सर घ्यायचे, सांगाडे पुढं पाठवून आपण मागं उभं. ज्याचा कॉम्प्युटर त्याला तीनदा मरायची सवलत.

रात्री मेस बंद, भूक लागलेली, आन् कोणीतरी कुठून वाचून आला की गायींची गुप्त लेव्हल आहे. विर्टचा लाकडी पाय आणि पोर्टलचं, म्हणजे गावी परतायच्या जादूच्या दाराचं, पुस्तक त्या क्यूबमध्ये घालायचं, की लाल दार उघडतं. आम्हाला वाटलं फेकतोय. पण त्याआधी गेम पूर्ण संपवायला लागतो, म्हणून चौघं दोन आठवडे लागलो. एकाचा सबमिशनचा जर्नल राहिला. शेवटी दार उघडलं तर आत दोन पायावर उभ्या गायी, हातात भाले, हम्मा हम्मा करत अंगावर! आमच्यातला एक म्हशीवाल्या घरचा. तो म्हणला मी नाही मारणार बाबा गायीला. खरंच नाही मारली. खुर्ची सोडून गॅलरीत जाऊन बसला.

नुस्ता_बघ्या
तो पाय कोणाचा ते नव्या पोरांना माहीत नसेल. पहिल्या डायब्लोत विर्ट नावाचा लंगडा पोरगा गावाबाहेर उभा असायचा. त्याच्याकडची वस्तू नुसती बघायची तर पन्नास मोहरा आधी मोजायच्या. घ्यायची की नाही ते नंतर. बघायचे पैसे!

टेकडीवरचा
@नुस्ता_बघ्या पोरगा आमच्या पेठेतलाच असणार. दुपारी एक ते चार उभा राहायचा का?

नुस्ता_बघ्या
@टेकडीवरचा 😂 पहिल्या भागात पळताही यायचं नाही. गावभर चालतच. त्या संगीतामुळे चालवून घेतलं. गावात शिरलं की वाजायची ती गिटार, अजून पावसात ऐकली की पोटात कसंतरी होतं.

खिडकीतली_मनी
मी खेळलेली नाही, भोगलेलं आहे. २०२१ ला नवा साज चढवून तोच गेम परत आला तेव्हा आमचं बाळ चार महिन्यांचं. नवरा एका हाताने झोळी हलवायचा, दुसऱ्या हाताने टकटकटक. बाळाला त्या आवाजाची इतकी सवय झाली की टकटक थांबली की रडायला लागायचं. मग काय, मध्यरात्री मी स्वतः सांगायचे, "खेळ रे बाबा, खेळ."

वाटसरू_७
डायब्लो नाही, पण जुनाच. मोरोविंड, २००२ चा. नकाशावर बाण नाही, खूण नाही. गावकरी तोंडी सांगणार : पूल ओलांड, डावीकडे वळ, मोठा खडक दिसला की उत्तरेला. आणि कधीकधी चुकीचंच सांगणार. मी बेळगावहून नुकताच पुण्यात आलो होतो. दिवसभर रस्त्यावर हेच, रात्री गेममध्येही हेच.

झारा
@वाटसरू_७ गेममधले निदान पूर्ण वाक्य बोलत असतील.

अर्धाकप
मोबाईलवर चालतो का हो हा?

स्वयंपाकघर_मंत्री
बंडोपंत वाचून वाटलं नाटकाचा धागा आहे. असो. कोथरूडात ज्वारी चांगली दळून देणारी गिरणी कोणाला माहितीय का? आमची बंद झाली.

जुना_कोथरूडकर
@स्वयंपाकघर_मंत्री डहाणूकरला एक आहे, व्यनि करतो.
@सदाशिवकन्या काकांना सांगा, २०१० च्या पॅचनंतर सगळे गुण परत घेऊन नव्याने वाटता येतात. पहिल्या गावातली ती आकरा देते, पहिली गुहा साफ केली की. आणि ड्यूरिअलच्या आधी थडग्याच्या दाराशीच पोर्टल उघडून ठेवायचं, थॉइंगच्या बाटल्या प्यायच्या, थंडी कमी लागते. माझाही बराच घाम तिथे गेलाय.

सदाशिवकन्या
पोळ्या, जेवण, झाकपाक झाली. सगळं वाचलं. मिक्सरवाल्या आजींना नमस्कार!

@जुना_कोथरूडकर गुण परत मिळतात हे बाबांना फोनवर सांगितलं. "बघू" म्हणाले. आमच्याकडे बघू म्हणजे नाही.

सदाशिवकन्या
रविवारचं राहिलेलं लिहिते. भाच्याच्या लॅपटॉपवर नवा साज चढवलेला गेम लावून दिला. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दीड महिना झालाय, डॉक्टरांना विचारूनच बसवलं. पाचेक मिनिटं बघत राहिले, मग म्हणाले, "फार गुळगुळीत केलंय." भाच्याने एक बटण दाबलं तर तेच सगळं जुन्या ठोकळ्या रूपात दिसायला लागलं. "हां. हे आपलं," म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढली.

नाव विचारलं तेव्हा क्षणभरही थांबले नाहीत. बंडोपंत. आई आतून म्हणाली, "आले का परत? मग दळण आता मीच आणते."

पहिली लेव्हल चढली, पाच गुण मिळाले. भाचा म्हणाला, आजोबा, ताकद. बाबांनी एक, दोन, तीन, चार, निमूटपणे ताकदीत टाकले. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पाचवा एनर्जीत.

टेकडीवरचा
काकाऽऽऽ

गुरुवारगुल
आज गुरुवार, लाइट नाही, फोन सात टक्के. पंत थडग्यापाशी पोचले की कळवा.